वेलांटीची वाट

टाइपरायटर मूळचा आम्हा आंधळ्यांचा, असं सांगितलं की डोळस मंडळी हसतात. पण 1808च्या सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री यानं आपल्या अंध मैत्रिणीला, कॅरोलिना फँतोनीला, तिची तिला पत्रं लिहिता यावीत म्हणून असं यंत्र केलं होतं. पुढं डोळसांनी ते बळकावलं. मराठी टाइपरायटरवर 'कि' उमटवायची तर आधी वेलांटी, मग क! का, तर कागदावर ती आधी दिसते. आता ज्याला दिसतच नाही त्यानं काय करावं? ब्रेलमध्ये मात्र ऐकू येतं तसं: आधी क, मग इ. 1986 साली आलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकानंही कानाचीच बाजू घेतली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या.

म्हणून अल्लीपुरात बसून मी या वयात कळफलक बदलला. शेजारचे काका म्हणाले, "काहून गा, चांगली बोटं बिघडवून रायला?" महिनाभर बोटं जुन्याच घरी जात, एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे तेवढे ओळख देत. पण जुन्या फाँटातलं माझं मराठी संगणक वाचू लागला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कालवा व्हायचा, आणि खाजगी पत्रसुद्धा तपासायला पुतण्याला बोलवावं लागे. आता युनिकोडमधलं पत्र संगणक मलाच वाचून दाखवतो. पुतण्या जरा नाराज आहे. घरातल्या बातम्या त्याला आता उशिरा कळतात.