कर्जरोख्यांमागच्या हमीचे कूळ

लोंढ्याहून बेळगावकडे जाणारी गाडी गुंजी स्टेशनावरून खानापूरला पोचते. हा मार्ग मुळात सदर्न मराठा रेल्वेचा. ही कंपनी 1882 साली स्थापन झाली आणि तिचे भांडवल विलायतेत उभे राहिले. तिथल्या गुंतवणूकदाराला खानापूरचे जंगल ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होती ती सरकारने व्याजाची घेतलेली हमी. सार्वजनिक कर्ज किती महाग पडेल, हे त्याच्या पाठीशी कोण उभे आहे यावर ठरते. नगरपालिकांच्या करमुक्त रोख्यांनाही हेच सूत्र लागू पडते.

अमेरिकेत 1913 च्या आयकर कायद्याने राज्यांच्या आणि शहरांच्या रोख्यांवरील व्याज करातून वगळले. कर नसल्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावर राजी झाला आणि शहरांचे व्याज वाचले. पण रोखे विकायला मध्यस्थ लागतोच. तो सगळे रोखे स्वतः उचलतो आणि पुढे विकतो. न खपल्यास जोखीम त्याची. खरेदी-विक्रीतला फरक हे त्याचे मोल, म्हणजेच अंडररायटिंगचा खर्च.

हा खर्च काही गोष्टींनुसार बदलतो. पतमानांकन कमी असले, मुदत लांब असली किंवा बाजार डळमळीत असला, की जोखीम वाढते आणि मोलही वाढते. परतफेड शहराच्या एकूण करांतून होणार असेल तर गिऱ्हाईक निश्चिंत असते. एकाच प्रकल्पाच्या उत्पन्नावर भिस्त असेल तर त्याला पटवावे लागते. अनेक मध्यस्थांनी बोली लावली की मोल उतरते. कर्जाचा आकार तर फार महत्त्वाचा. समजा मध्यस्थाच्या मोलाखेरीज वकील, मानांकन आणि कागदपत्रे यांना 50 लाख लागले. 100 कोटींच्या कर्जावर हा खर्च शेकडा अर्धा रुपया, तर 10 कोटींवर शेकडा पाच. म्हणजे ज्या गावाची ऐपत कमी, त्यालाच कर्ज महाग.

भारतात बंगळूर महापालिकेने 1997 साली राज्य सरकारच्या हमीवर 125 कोटींचे रोखे काढले. पुढच्याच वर्षी अहमदाबादने राज्याच्या हमीशिवाय 100 कोटी उभारले. 1999 मध्ये नाशिकनेही ती वाट धरली. 2000 च्या अर्थ कायद्याने अशा रोख्यांना करमुक्तीची सोय दिली. आपल्याकडे बहुतेक रोखे खुल्या विक्रीऐवजी बँका आणि संस्थांना थेट दिले गेले. त्यामुळे अंडररायटरपेक्षा व्यवहार जुळवणाऱ्याचे शुल्क मोजावे लागले. हिशेब मात्र तोच.

लहान गावांसाठी खरा मार्ग कर्नाटकात 2005 साली दिसला. बंगळूरभोवतीच्या आठ नगरसंस्थांनी पाणीपुरवठ्यासाठी एकत्र येऊन 100 कोटींचे करमुक्त रोखे काढले. मुदत पंधरा वर्षे, व्याज 5.95 टक्के. निम्म्या मुदलाला अमेरिकी मदतसंस्थेची हमी होती. एकेकटीला हे जमले नसते.

बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी आले ते जागतिक बँकेच्या कर्जातून, राज्याच्या मध्यस्थीने. खानापूर, निपाणी यांसारख्या गावांनीही एकत्रित रोख्यांचा विचार जरूर करावा. त्याआधी लेखापरीक्षण वेळेवर व्हायला हवे, पाणीपट्टी नियमित वसूल व्हायला हवी आणि जमाखर्च नागरिकांपुढे उघडा असायला हवा. सरकारची हमी उसनी मिळते. पण हिशेबाची शिस्त ज्या गावाने स्वतः कमावली, त्याला ती हमीही स्वस्तात मिळते.