हिजामा

हिजामा : पेल्यातील हवा काढून कातडी वर ओढून घेण्याचा आणि बहुधा तिच्यावर बारीक छेद देऊन रक्त काढण्याचा उपचार. मूळ अरबी धातूचा अर्थ ‘चोखणे’. मराठीत तुंबडी लावणे. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा सांगितला आहे. आपली तुंबडी त्या भोपळ्याचीच. युनानीत रक्त न काढता केलेला तो ‘हिजामा बिला शर्त’, छेद देऊन केलेला ‘हिजामा बिश् शर्त’.

उपचार इस्लामपूर्व असला, तरी मुसलमानांत तो टिकला तो हदीसमुळे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमुळे. बुखारींच्या हदीससंग्रहात मध, हिजामा व डागणी या तिन्हींत आरोग्य सांगून डागणीला मनाई केली आहे. पैगंबरांना हिजामा करणाऱ्या अबू तैबाला मोबदल्यात खजूर मिळाल्याची नोंदही तिथेच सापडते. चांद्रमासाच्या 17, 19 व 21 या तारखा उत्तम मानतात, त्यामुळे त्या दिवशी हिजामा करणाऱ्यांकडे रांग लागते. वारांच्या शुभाशुभाविषयीच्या हदीसांवर एकमत नाही. हिजाम्याने रोजा सुटतो असे हंबली मत; हनफी, मालिकी व शाफिई पंथांत सुटत नाही. अशक्तपणाच्या भीतीने अनेकजण तो इफ्तारनंतर करवतात.

पद्धती : मुख्य जागा ‘काहिल’, म्हणजे मानेखाली दोन खांद्यांच्या मधोमध. पूर्वी शिंग किंवा काचेचा पेला असे. आता हातपंपाचे प्लॅस्टिकचे कप घरोघरी पोहोचले आहेत. तेल चोळून कप टेकवायचा आणि दोन-तीनदा पंप ओढायचा, की कातडी पुरीसारखी फुगून जांभळी पडते. छेद दिल्यावर कपात काळसर, थिजलेले रक्त साकळते. त्यालाच ‘खराब खून’ म्हणतात. प्रत्यक्षात ते साधे रक्तच, साकळल्याने काळे दिसते. वर मध किंवा कलौंजीचे तेल लावतात. पोटरीवर स्वतःचा कप स्वतः लावता येतो, पाठीला मात्र घरचे माणूस लागते. घरगुती उपचार इथवरच असावा. पाते हाती घेणे हे घरचे काम नव्हे. निर्जंतुक नसलेल्या साधनांतून काविळीचे बी व सी विषाणू पसरू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व पंडुरोग्यांनी छेद टाळावा.

स्त्रियांचा हिजामा शक्यतो स्त्रियाच करतात.

इतिहास : शस्त्रवैद्य अल्-झहरावींच्या (936–1013) ‘किताब अल्-तसरीफ’मध्ये पेल्यांच्या आकृत्या आहेत.

परिणामकारकता : मान व पाठदुखीत काहींना उतार पडल्याचे अभ्यास आहेत, पण ते बहुतेक लहान, शिवाय खोटा कप लावून तुलना करणे अवघड.