ओंडक्याखालची बुरशी आणि एल्सी वेकफिल्ड



पावसाळ्यात सरपणाचा ओला ओंडका उलटा केला की खाली चुना सांडल्यासारखा पांढरट थर दिसतो. आपण म्हणतो, बुरशी आली. पण कुठली बुरशी? हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या एका बाईची आज माहिती घेऊ.

स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून बुरशींची मोठी मांडणी केली. ती मुख्यतः डोळ्यांना दिसेल त्यावर होती. छत्रीखाली पातळ पाती असली तर एक गट, बारीक छिद्रे असली तर दुसरा, काटे असले तर तिसरा. पण ओंडक्याला चिकटलेल्या थराला छत्री नाही, दांडा नाही. मग असे गुळगुळीत थर एकाच मोठ्या गटात जात. दिसायला सारखे, म्हणून एकत्र.

एल्सी वेकफिल्ड यांचा जन्म १८८६ चा, इंग्लंडमधला. त्या ऑक्सफर्डला वनस्पतिशास्त्र शिकल्या. तिथे बायकांनी परीक्षा द्यायची, पण पदवी मिळायची नाही. ती मिळू लागली १९२० पासून. त्याआधीच, १९१० साली, एल्सीबाई लंडनच्या क्यू उद्यानात कामाला लागल्या. १९१५ मध्ये त्यांचे वरिष्ठ निवृत्त झाले आणि बुरशी विभाग त्यांच्याकडे आला. १९५१ पर्यंत त्यांनी तो सांभाळला.

देशोदेशींहून तिथे सुकवलेल्या बुरशीच्या पुड्या येत. त्या थराचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बीजाणू गोल की लांबट, गुळगुळीत की काटेरी, धागे कसे जोडलेले, हे मोजायचे, चित्र काढायचे, जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचे. कशाशीच जुळले नाही, तर वर्णन लिहून नवे नाव द्यायचे आणि तो नमुना जपून ठेवायचा. पुढे कोणालाही शंका आली तर तोच नमुना उघडून पाहता येतो. असे पाहिल्यावर वरून जुळ्या दिसणाऱ्या बुरशी वेगळ्या निघाल्या. पुढे जनुकांच्या तपासणीने जुने गट आणखी मोडले.

नावाने काय होते? काही बुरशी लाकडातला पांढरा भाग खातात. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तडे जातात आणि हातात भुगा होतो. काही बुरशी तपकिरी भागही खातात. मग लाकूड फिकट, दोऱ्यासारखे होते. घराच्या वाशाला कोण लागले आहे, हे ओळखीशिवाय कळत नाही. कोकणात फणसाच्या खोडावरचा कडक फणसांबा औषधाला वापरतात. तिथेही नेमकी जात कुठली, हे महत्त्वाचे. नुसत्या दिसण्यावरून कुठलीही अळंबी औषधाला किंवा भाजीला घेऊ नये.

आपल्या गटात आपण म्हणतो, नोंद नाही तर काम दिसत नाही. एल्सीबाईंच्या हातच्या पुड्या आजही क्यूच्या कपाटांत आहेत. पदवी न देणाऱ्या विद्यापीठात शिकलेल्या बाईची ती नोंद आहे.