दगडावरची मराठी जपली, फितीवरची भीमगीतं कोण जपणार?

आमच्या मंद्रूपच्या पलीकडे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे, हत्तरसंग-कुडल. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी आयुष्य घालवून या भागातले लेख वाचले, म्हणून आज कुडलचा हा लेख मराठीतला सर्वांत जुन्या लेखांपैकी एक म्हणून ओळखला जातो. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द त्याच्या शेवटी आहेत. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण मराठीचं हजार वर्षांपूर्वीचं एक वाक्य जपणाऱ्या याच तालुक्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा आमच्या वस्तीचा आवाज आज कुठे ऐकायला मिळतो? त्याचं उत्तर एका पत्र्याच्या पेटीत आहे, आणि ती पेटी आमच्याच घरातल्या माळ्यावर पडलेली आहे.

पेटीत कॅसेटी आहेत. आम्ही मित्रांनी काढलेल्या गायन पार्टीच्या. शहरातल्या पोरांनी गॅरेजमध्ये गिटार वाजवली की तिला अंडरग्राउंड बँड म्हणतात, त्यावर लेख येतात. आमची पार्टी गावकुसाबाहेरची होती. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी, झांजा, आणि १४ एप्रिलच्या आधी महिनाभर रात्री जागून केलेला सराव. तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. आम्हीसुद्धा नाही.

रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते आजच्या पोरांना सांगायला हवं. कोऱ्या कॅसेटीला पैसे नसायचे. मग सिनेमाच्या गाण्यांची जुनी कॅसेट घ्यायची. तिच्या वरच्या कडेची छोटी चौकट मोडलेली असली की तिच्यावर रेकॉर्ड होत नाही. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की होतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून दोन भिंतींवर वाकळा टांगायच्या. टेपला एकच माइक, तोही आतच बसवलेला. म्हणून गाणारा टेपच्या पुढ्यात, पेटी चार हात मागे, आणि ढोलकीवाला उंबऱ्याबाहेर. लाईट गेली की सेलवर चालवायचं. सेल उतरले की मोटर मंदावते. अशा वेळी घेतलेलं गाणं दुसऱ्या दिवशी पूर्ण विजेवर लावलं की धावतं आणि चिरकतं. आमच्या एका कॅसेटीत तीन मोठी माणसं लहान पोरांसारखी गातात, त्याचं कारण हे आहे.

कॅसेटीत काय आहे? वामनदादा कर्डकांची गाणी आहेत, प्रल्हाद शिंदे यांच्या ढंगात म्हटलेली. प्रल्हाददादा आपल्या मंगळवेढ्याचे, त्यांचा आवाज काढायचा प्रयत्न सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गायकाने केला असेल. पण त्यामध्ये आमची स्वतःची गाणीही आहेत. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या आठवड्यात केलेलं एक. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली, त्यानंतरचं एक. दुष्काळावर आणि पाण्याच्या टँकरवर एक. त्यात दोन कडवी मराठी आणि एक कानडी, कारण आमच्या भागात लोक बोलतातच तसे. ही मिसळ छापील भीमगीतांच्या पुस्तकात मिळणार नाही.

मग आक्षेप येतो की या कच्च्या आवाजाच्या गाण्यांना इतिहास म्हणायचं कशाला? मोठ्या गायकांच्या कॅसेटी बाजारात होत्याच की.

होत्या. आणि त्या का होत्या हेही समजून घ्यावं. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती जवळपास तीन दशकं चालली. कारण शास्त्रीय संगीताच्या श्रुतींचं दिलं गेलं. हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की वस्तीतल्या भजनाचं आणि जलशाचं हुकमी वाद्यच सरकारी आवाजातून वगळलं गेलं. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर जायचं तर मुंबई गाठायची आणि कुणाच्या तरी पसंतीला उतरायचं. कॅसेट आली आणि ही मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेट संस्कृतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे परवानगी न मागता आवाज नोंदवायचं साधन आपल्या हातात पहिल्यांदा आलं ते कॅसेटमुळे. बाजारातल्या कॅसेटीत विकणारं गाणं उरलं. घरच्या कॅसेटीत गावचं गाणं उरलं.

भीमराव कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपण दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. पण १९३० च्या दशकातला तो जलसा रात्रभर कसा रंगायचा, हे ऐकून सांगू शकणारी माणसं आता राहिली नाहीत. विलास घोगरे यांचा आवाज उरला, कारण आनंद पटवर्धनांचा कॅमेरा तिथे पोचला होता. रमाबाई नगरनंतर चारच दिवसांत घोगरेंनी जीवन संपवलं. कॅमेरा गेलाच नसता तर? महाराष्ट्रातल्या हजारो वस्त्यांत कॅमेरा गेला नाही. तिथे फक्त एक टेप होता आणि एक चिकटपट्टी.

आता आमची चूक सांगतो, कारण दुसऱ्यांना दोष देणं सोपं आहे. रमाबाई नगरवरचं ते गाणं आमच्या पेटीवाल्या मित्राने लिहिलं, त्यानेच गायलं. पुढे तो कामासाठी पुण्याला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या जलदान विधीनंतर आम्ही ती कॅसेट लावली. पहिली चार मिनिटं लग्नाच्या बँडची गाणी निघाली. कुणीतरी तिच्यावर रेकॉर्ड केलं होतं. कुणीतरी म्हणजे आमच्यापैकीच एकाने. मित्राच्या गाण्याचं शेवटचं दीड कडवं तेवढं शिल्लक आहे. त्याच्या मुलीने तेवढंच बापाच्या आवाजात ऐकलं आहे.

दुसरी चूक मोठी आहे. सगळ्या कॅसेटी मिळून बाईचा आवाज एकदाच येतो, तोही चहाला बोलावणारा. आमच्या आया बाबासाहेबांवर ओव्या म्हणायच्या, तेव्हा आम्ही टेप बंद ठेवायचो, कारण सेल वाचवायचे असायचे. तिकडे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात जाऊन बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकता येतात. आमच्या आयांच्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या. ब्राह्मणी इतिहासाने आपल्याला वगळलं म्हणताना आपण कुणाला वगळलं, हे विचारायला नको का?

बाबासाहेबांची हस्तलिखितंही महापरिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षं पेट्यांत बंद होती. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ती खंडांच्या रूपाने येऊ लागली, म्हणून आज आपण त्यांवर वाद घालू शकतो. पेटी उघडणारं माणूस लागतं.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशात जुना चालू टेप व कॉम्प्युटरला जोडायची वायर घ्या. पांढरी बुरशी धरलेली कॅसेट थेट लावू नका, फीत तुटते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटीला लागते. आधी टेपचं हेड साफ करा. आवाज एमपी३ मध्ये दाबून ठेवू नका, मूळ वेव्ह फाइल ठेवा आणि दोन जागी ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठच मिनिटं लागतात, घाई चालत नाही. ऐकताना शेजारी गाणारा किंवा त्याच्या घरचं माणूस बसवा. कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, हे वहीत लिहा. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय काहीही पसरवू नका. आणि ज्या आया-आज्या अजून आहेत त्यांच्यासमोर आज संध्याकाळीच मोबाइल ठेवा. आता सेल वाचवायचा बहाणा उरलेला नाही.

कुडलचा लेख दगडावर आहे, तो अजून हजार वर्षं वाट बघेल. फीत तेवढी वाट बघत नाही. आमच्या पेटीतल्या अकरा कॅसेटींपैकी चार आताच मुक्या झाल्या आहेत. उरलेल्या सात या पावसाळ्याआधी आम्ही उतरवून घेणार आहोत. तुमच्या गावच्या किती आहेत, ते मोजायला लागा.

जयभीम!