प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट

बोटीचा पंखा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कोकणात खाडीच्या तरीवर बसलेल्या माणसाने तो पाण्यात फिरताना पाहिलेला असतोच. खोल पाण्यात हा पंखा उत्तम काम करतो. उथळ, दगडगोट्यांच्या नदीत मात्र तो बोटीच्या तळाखाली लोंबकळत असल्याने पहिल्याच खडकावर आपटतो. आज मला सांगायची आहे ती हा लोंबकळणारा पंखा काढून टाकण्याची हकिकत.

कल्पना जुनीच. पुढून पाणी ओढायचे आणि मागून जोराने फेकायचे, म्हणजे बोट पुढे जाते. अमेरिकेत जेम्स रम्सी यांनी १७८७ च्या डिसेंबरात पोटोमॅक नदीवर वाफेच्या बळाने अशी बोट चालवून दाखवली होती. पण ती रोजच्या वापरात यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

हे काम केले न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी. १८९९ साली जन्मलेला हा माणूस मेंढपाळीचा व्यवसाय करणारा. दक्षिण बेटावरच्या आयरिशमन क्रीक येथे त्यांचे मोठे कुरण होते आणि तिथेच त्यांची कर्मशाळाही होती. भोवतालच्या नद्या वेगवान, पण उथळ. त्यांतून वर जायचे कसे, हा त्यांचा घरचाच प्रश्न होता. १९५३-५४ च्या सुमारास त्यांनी एका अमेरिकी जलझोत यंत्रावर प्रयोग सुरू केले. त्यात पाणी बोटीच्या तळाखालून बाहेर पडत असे. हॅमिल्टन यांनी ते तोंड पाण्याच्या पातळीवर आणले आणि बोटीचा वेग एकदम वाढला. १९६० मध्ये त्यांचे पुत्र जॉन यांनी कोलोरॅडो नदीतून, ग्रँड कॅन्यनच्या खळाळांवरून, प्रवाहाविरुद्ध बोट नेली.

आपला या बोटीशी संबंध आला तो १९७७ मध्ये. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी 'सागर ते आकाश' ही मोहीम काढली आणि गंगासागरापासून गंगेतून वरच्या दिशेने प्रवास केला. तीन बोटी होत्या, 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी'. जॉन हॅमिल्टन त्या चालवणाऱ्यांत होते, तर भारताच्या १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते कॅप्टन कोहली सहकाऱ्यांत. पाटणा, काशी, हरिद्वार मागे टाकत, हिमालयातल्या खळाळांशी झुंजत या बोटी नंदप्रयागपर्यंत पोहोचल्या. तिथे एका धबधब्याने वाट अडवली आणि मंडळी पायी निघाली.

मोहिमेतल्या बोटींत इंजिन आत बसवलेले होते. पुढे हीच युक्ती मागच्या फळीवर टांगायच्या आउटबोर्ड मोटारीलाही लावली गेली. पंख्याच्या जागी खाली पंप येतो, त्याला पाणी ओढायला जाळी असते. वेग घेतलेली अशी बोट वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. याची किंमतही मोजावी लागते. इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण तीस टक्के पंपातच खर्ची पडते.

मी यंत्रांच्या देखभालीत वर्षे घालवलेला माणूस, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या बोटीला सुकाणूचे पाते नसते. मागून फेकलेला झोतच तिला वळवतो. समोर खडक दिसला की नवखा माणूस घाबरून रेस सोडतो. झोत थांबतो, बोट वळायची थांबते आणि प्रवाह सांगेल तिकडे जाते. म्हणून अशा वेळी इंजिनाला थोडी रेस ठेवून वळवायचे, हा पहिला धडा.

दुसरा धडा काठावरचा. उथळ, गोट्यांच्या जागी इंजिन सुरू केले तर पंप गोटे ओढून घेतो. जाळीला गवत किंवा प्लास्टिक चिकटले की इंजिन नुसते गरगरते आणि बोट जागची हलत नाही. अशा वेळी इंजिन पूर्ण बंद करूनच जाळीला हात लावायचा. रोजच्या कामानंतर बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरायचे आणि बाहेर येणारे जुने ग्रीस नीट पाहायचे. त्यात पाण्याचा अंश वाढत असेल तर सील गेले असे समजावे. वाळूने पंपातल्या पंख्याच्या कडा झिजतात. पंखा आणि त्याभोवतीचे कवच यांत जेमतेम पाऊण मिलिमीटर फट हवी. ती वाढली की पातळ चकत्यांची जागा बदलून पंखा पुन्हा कवचाजवळ आणावा लागतो.

ही कामे किरकोळ वाटतील. परंतु भर पुरात, बोटीत माणसे असताना झोत बंद पडला, तर आदल्या संध्याकाळी न भरलेले ग्रीस कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते. मोहिमांच्या वृत्तांतात हिलरींचे नाव येते आणि ते यायलाच हवे. पण ती बोट धबधब्यापर्यंत गेली, त्यामागे रोज जाळी साफ करणारे, बेअरिंग तपासणारे हातही असणारच. यंत्रांचा इतिहास वाचताना आपण त्या हातांचीही चौकशी करावी, असे मला वाटते.