ओट्याचा दगड

आमच्या स्वयंपाकघरातील जुना कडप्पा काढून त्याच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न गेले दोन महिने घरात ज्या गांभीर्याने चर्चिला जात आहे, त्या गांभीर्याने आमच्या पूर्वजांनी मुलींसाठी स्थळेदेखील पाहिली नसावीत. जेवणाच्या टेबलावर वीतभर लांबीचे सात नमुने मांडून ठेवले आहेत. त्यांतला एक सकाळच्या उन्हात बरा दिसतो तर दुसरा रात्री दिव्याखाली, आणि ज्या आप्ताच्या घरी जो दगड बसला असेल तो आप्त त्या दगडाचे वकीलपत्र घेऊनच येतो. या घालमेलीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती ही की ओटा कशाचा करावा हा प्रश्न माझ्या आईला कधी पडला नव्हता, आणि आजीला तर ओटाच नव्हता.

म्हणजे ओटा होता, पण तो घराबाहेर. संध्याकाळी माणसे टेकत, वाटसरू पाणी मागे, पोरे सागरगोटे खेळत, तो ओटा. स्वयंपाकघरात जे होते ते सारे भुईसरपट होते : चूल, तिच्या अंगचा वैल, पाटा-वरवंटा, आणि पायाखाली दाबून धरल्याशिवाय जिचा उपयोगच करता येत नाही ती विळी. चुलीपुढचा पाट हीच रांधणारीची जागा, आणि शेणाने सारवलेली भुई हाच तिचा ओटा. ही भुई रोज सकाळी पोतेऱ्याने नवी होत असे, त्यामुळे तिला डाग पडण्याची भीती नव्हती. डाग पडण्याची भीती ही मुळात टिकाऊ वस्तूंची देणगी आहे.

या बैठ्या व्यवस्थेतून स्त्रीला उभे कोणी केले, असे विचारले तर मी सुधारकांपेक्षा गॅसच्या टाकीकडे बोट दाखवीन. मुंबईच्या काही ब्लॉकांतून उभा ओटा त्याआधीही होता, हे खरे. परंतु घासलेटचा स्टोव्ह पाटावर बसून पंप मारून पेटवता येत असे, आणि पुष्कळ घरी तो ओटा असूनही भुईवरच पेटे. गॅसचे तसे नव्हते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने टाक्या विकावयास आरंभ केला, १९६५ साली कलकत्त्यास ‘इंडेन’ची पहिली जोडणी झाली, आणि टाकीबरोबर एक नियम घरात आला : शेगडी टाकीपेक्षा उंचावर असली पाहिजे. हा वायू हवेहून जड असल्यामुळे गळाला तर जमिनीलगत साठून राहतो, आणि तेथेच विस्तव असला तर अनर्थ ओढवतो. टाकी उंचीने दोन फुटांच्या वर. तेव्हा ओटा तिच्याहून वर गेला, आणि ओट्यामागोमाग घरातील बाई उठून उभी राहिली. आमच्या आजीने या उभ्याने रांधण्याला अखेरपर्यंत मनापासून मान्यता दिली नाही. गॅस आल्यावरही ती ओट्याखाली पाट मांडून भाजी चिरत बसे आणि चिरलेली परात वर सरकवीत असे, जणू दोन राज्यांच्या सरहद्दीवरून माल जात होता.

उभा ओटा ठरला, तरी तो कशाचा हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर सर्वत्र एकच असावे, काळा कडप्पा, हे विचार करू लागल्यास मोठे चमत्कारिक वाटते. ज्या प्रांताचे डोंगर, किल्ले, लेणी आणि घाट सारे काळ्या पाषाणाचे, त्याने ओट्यासाठी दगड दुसऱ्याच्या मुलखातून का आणावा? कारण असे की, आपला बेसाल्ट हा लाव्हारस थिजून झालेला खडक. तो कठीण आहे, चिवट आहे, पण त्याला पदर नाहीत. पाथरवट त्याचा पाटा घडवील, जाते घडवील, टाकी घालून त्याला नवे दात आणील, मात्र त्याची इंचभर जाडीची, पुरुषभर लांबीची पातळ लादी काढा असे सांगितले तर तो हात जोडील. उलट कडप्प्याचा आणि शहाबादचा दगड हा पाण्याखाली थरावर थर साचून झालेला चुनखडक. छिन्नी मारून पहार घातली की पुस्तकाची पाने सुटावीत तशी त्याची पाने सुटतात. दगड कापणारी यंत्रे सुलभ नव्हती त्या काळी, जो दगड आपणहून लादी होण्यास तयार होता तोच घरात येणार, हे उघड होते.

अर्थात यावयाला वाटही हवी. दगडाच्या किमतीपेक्षा त्याची बारबरदारी भारी, हा या धंद्यातला जुना हिशेब. ती अडचण रेल्वेने सोडविली. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रूळ १८६० साली सोलापुरास आणि १८७१ साली रायचुरास पोहोचला, आणि तेथे मद्रासेकडून आलेला रूळ त्याला मिळाला. आता या एका रेषेवरची स्थानके पाहावीत : सोलापूर ओलांडून निजामाच्या मुलखात शिरले की शहाबाद, रायचुराच्या पलीकडे ताडपत्री, येर्रगुंटला आणि कडप्पा. आमच्या पायांखालची फरशी आणि हातांखालचा ओटा हे दोन्ही एकाच लोहमार्गाने आलेले शेजारी आहेत. (फरशी हा शब्दही प्रवासीच. ‘फर्श’ म्हणजे अंथरलेले, हा अरबी शब्द फारसी दप्तरांतून आपल्याकडे आला. परशुरामाच्या हातातली फरशी निराळी, ती संस्कृत ‘परशु’ची लेक.) त्याआधी कडप्प्याशी मराठ्यांचा संबंध आला होता तो तलवारीचा : १७५७ साली पेशव्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे यांनी तेथल्या नबाबाशी लढाई दिली आणि नबाब रणांगणात पडला. त्या मोहिमेतून घरी काय आले असेल ते असो. दगड मात्र आला नाही. तो मालगाडीने आला.

आणि या सर्वमान्य दगडात एक मुलखावेगळा दोष होता. चुनखडकाला आंबटाचे वैर असते. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, आमसुलाचे पाणी, जे जे मराठी स्वयंपाकात दिवसातून दोनदा सांडावयाचे, ते ते त्याला खाते आणि काळ्यावर धुरकट पांढरा चट्टा उठतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने याहून चुकीची निवड करणे कठीण होते. पण ती निवड नव्हतीच. कडप्पा स्वस्त होता, पातळ होता, काजळी पोटात घालीत होता. तोच उभा करून ओट्याचे पाय होत, तोच आडवा टाकून भांड्यांची मांडणी होई. आई महिन्यातून एकदा तेलाचे बोट फिरवून त्याचा रंग परत आणी, आणि चट्ट्यांविषयी मी तिला कधी हळहळताना पाहिले नाही.

निवडीचा काच सुरू झाला तो ग्रॅनाइटपासून. हिऱ्याच्या कणांची पाती आणि झिलईची यंत्रे सुलभ झाली, तसा ऐंशी-नव्वदच्या दशकांत हा पूर्वी देवळांना आणि स्मारकांना शोभणारा दगड मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला. त्यातला जो काळाकुळकुळीत प्रकार सर्वांत प्रतिष्ठेचा मानला जातो, तो भूशास्त्राप्रमाणे ग्रॅनाइट नव्हेच. तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे घटकांच्या दृष्टीने आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाचाच भाऊबंद, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश निवालेला. ज्या पाट्याला आम्ही मिक्सर येताच माळ्यावर टाकले, त्याचा चुलत भाऊ झिलई करून, चौपट दराने, आम्ही ओट्यावर आणून बसविला!

आता क्वार्ट्झची पाळी आहे. हा दगडाचा चुरा राळेने सांधून केलेला. रंग हवा तो मिळतो, लिंबाला भीत नाही, परंतु तापलेला तवा थेट टेकविला तर राळ करपते. ही उणीव सोसता येईल. मनात घर करून राहिली ती दुसरी. शहराबाहेरच्या वखारीत आम्ही नमुने पाहण्यास गेलो होतो, तेव्हा मागच्या पत्र्याच्या छपरीत एक विशीतला मुलगा लादीत सिंकचे भोक पाडीत होता. पाणी न सोडता कोरडेच कापीत होता. तोंडाला हातरुमाल, आणि भुवयांवर पिठाच्या गिरणीतल्यासारखा पांढरा थर. या कृत्रिम दगडात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते, आणि ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून त्याचे उत्पादन, विक्री आणि बसविणे यांस बंदी केली. आमच्याकडे तो मुलगा काम थांबवून हसला आणि आम्हांस बसावयास स्टूल देऊन पुन्हा कापू लागला.

आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात पिशवीतून अर्धे लिंबू काढले आणि मालकाच्या देखत एकेका नमुन्यावर पिळले. “काकू, सगळ्यांवर नका हो,” तो काकुळतीने म्हणाला. पण तोवर पांढऱ्या संगमरवरावर बुडबुडे आले होते. काळा ग्रॅनाइट तसाच राहिला. बाईंनी तो पदराने पुसला, उजेडाकडे धरला, आणि वखारीत शिरल्यापासून प्रथमच दर विचारला.

नंतर गवंडी माप घ्यावयास आला आणि त्याने ओट्याची उंची विचारली. त्याच्या बापाने आणि आजाने ती कोणाला विचारली नव्हती. एकच माप साऱ्या आळीला लावले होते, आणि ठेंगणी आई तीस वर्षे खाली पाट घेऊन त्यावर उभी राहून पोळ्या लाटीत आली होती. सौभाग्यवतींनी हात कोपरात वाकवून दाखविला. त्याने पेन्सिलीने भिंतीवर खूण केली.

जुना कडप्पा दोन तुकड्यांत निघाला. भंगारवाला त्याचे काही देईना, तेव्हा त्यातला मोठा तुकडा दाराबाहेर चार विटांवर टाकला. परवा संध्याकाळी शेजारचे दोन म्हातारे त्याच्यावर टेकले होते, आणि त्यांच्यामध्ये लिंबाचा एक जुना चट्टा दिसत होता.