मुलूखमैदानचा कर्ता

भवानी पेठेसारख्या पेठांमधील मागांमुळे आज कापडाचे शहर म्हणून ओळखले जाणारे सोलापूर सोळाव्या शतकात आपल्या भुईकोटामुळे, म्हणजे सपाट जमिनीवर बांधून खंदकाने राखलेल्या किल्ल्यामुळे, अहमदनगरच्या निजामशाहीला आणि विजापूरच्या आदिलशाहीला सारखेच हवे होते. 1524 मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह आदिलशाही राजकन्येशी झाला तेव्हा सोलापूर आंदण म्हणून मिळावयाचे होते, असा नगरचा दावा होता. तो विजापूरने मानला नाही, आणि त्यावरून दोन्ही दरबारांत पिढीभर युद्धे होत राहिली. किल्ल्यांच्या या चढाओढीत दख्खनमधील तोफा ओतण्याच्या उद्योगाला जोर आला. त्या उद्योगातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ. तिच्या कर्त्याची ओळख मात्र इतिहासलेखनात पुष्कळच धूसर झाली आहे.

ही तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. तिच्यावरील लेखात हिजरी 956 हे वर्ष आहे, पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणून निजामशहाचा उल्लेख आहे, आणि शिया विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला होता हे लक्षात घेता त्या उल्लेखाचे औचित्य कळते. त्याच लेखात हे काम महंमद बिन हुसेन रूमी याचे असल्याचे नोंदले आहे. काही वाचनांत हुसेनऐवजी हसन असे नाव आढळते. रूमी म्हणजे रूमचा, अर्थात उस्मानी तुर्कांच्या मुलखातला.

नगरची परंपरा याच तोफेचे श्रेय मक्का मशीद बांधणाऱ्या रूमीखान दख्खनीला देते, तर 1565 च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना चालवणारा चलबी रूमीखान हाच तिचा कर्ता असेही काही ठिकाणी गृहीत धरलेले दिसते. येथे सावधगिरी हवी. रूमीखान हा किताब होता आणि तो तोफखान्यात नाव मिळवलेल्या अनेक तुर्कांना मिळाला. गुजरातच्या बहादूरशहाच्या पदरी असलेला आणि नंतर हुमायूनकडे गेलेला मुस्तफाही रूमीखानच होता. तेव्हा केवळ किताब जुळतो म्हणून या व्यक्ती एकच मानणे युक्त नाही, आणि कर्त्याचा शोध सहीपासून व प्रत्यक्ष धातूपासूनच सुरू करावा लागतो.

धातू बरेच सांगतो. तोफेत तांबे सुमारे 80 टक्के आणि कथील सुमारे 20 टक्के आहे. तोफांसाठी सामान्यतः कथिलाचे प्रमाण याच्या निम्मे ठेवत, कारण ते वाढले की कांसे घंटेच्या धातूसारखे कठीण पण ठिसूळ होते. मात्र असे मिश्रण कमी उष्णतेला वितळते आणि साच्यात सहज पसरते, ही सोय सुमारे 14 फूट लांबीच्या आणि 55 टन वजनाच्या मानल्या गेलेल्या नगाला फार मोलाची होती. तोंडाचा बाहेरचा व्यास सुमारे 4 फूट 11 इंच आणि नळीचा आतला सुमारे 2 फूट 4 इंच असल्याने तेथे भिंत सव्वा फुटाहून जाड भरते. ठिसूळपणाची भरपाई ओताऱ्याने या जाडीने केली असावी. जबडा वासलेल्या हिंस्र पशूच्या रूपातील तोंड आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती पाहता, कारागिराला शत्रूच्या गजदळाची आठवण ठेवण्यास कोणी सांगितले होते की काय, अशी शंका येते.

पुढे ही तोफ बार्शीजवळच्या परांडा किल्ल्यावर होती, तेथून 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती विजापूरला नेली, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरविला. जिंकणाऱ्याने आपले नाव घातले, पण करणाऱ्याचे काढले नाही. 1854 मध्ये साताऱ्याच्या कमिशनरच्या आदेशाने निरुपयोगी माल म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा सर्वांत मोठी बोली 150 रुपयांची आली. स्थानिक लोकांची श्रद्धा आणि ही क्षुल्लक किंमत लक्षात घेऊन विक्री रद्द झाली, अन्यथा महंमद रूमीच्या हातचा हा सहीचा पुरावा भट्टीत गेला असता.